चाबूक वाजवायला शिकतोय : येळ्ळूर शिवारातल्या नोंदी

आधीच सांगतो, जनावराला मारायचा चाबूक हा इथला विषय नाही. हवेत स्वच्छ कडाका काढायचा, एवढीच हौस. मी बेळगावच्या उद्यमबागेत कारखान्यात लेथवरचा टर्नर, वय ३६, बहुतेक आठवडे सेकंड शिफ्ट, त्यामुळे सकाळ मोकळी. नोंदी जॉबकार्डाच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिल्या होत्या, त्या जशाच्या तशा उतरवल्यात. कुणाला करून बघायचं असेल तर त्याचे पैसे आणि कान वाचावेत.

पुढे चार शब्द सारखे येतील. हातात धरायची ती मूठ. तिच्यापुढे जाडापासून बारीक होत जाते ती वेणी. वेणीच्या टोकाला एकेरी दोरी असते ती शेपूट. आणि शेपटाच्या टोकाला वीतभर दोऱ्याचा गोंडा. आवाज गोंडा काढतो, बाकी सगळे त्याला तिथवर पोचवणारे.

२ नोव्हेंबर २०२४, पाडवा

बेळगावात म्हशी पळवतात ते बघायला गेलो होतो. शिंगं रंगवलेली, मोरपिसं खोवलेली, गळ्यात घुंगरमाळा. एक गवळी बाजूला उभा राहून नुसता हवेत चाबूक वाजवत होता. म्हशीच्या अंगाला टोक लागत नव्हतं. पलीकडे पोरं लवंगीची माळ लावत होती, तिच्यापेक्षा हा आवाज कोरडा आणि सुटा. मी मागून घेतला. पहिल्यांदा काहीच नाही. दुसऱ्यांदा पायात गुंडाळला. तिसऱ्यांदा सगळा जोर लावला आणि टोक उजव्या कानाच्या पाळीवर बसलं. पोरं पोट धरून हसली.

घरी आईनं विचारलं, "फटाका लागला काय?" हो म्हटलं.

४ नोव्हेंबर

जनावरांच्या बाजारातनं बैलाचा चाबूक आणला. १८० रुपये. दोन फुटी बांबूची काठी, तिला तीन फुटी चामड्याची वादी. गच्चीवर उभा राहिलो. दहाव्या का बाराव्या फटक्याला वादी शेजारच्या डिशच्या केबलीत अडकली, मी ओढली, केबल तुटली. शेजाऱ्यांची मालिका चालू होती. जोडून द्यायचे १५० रुपये आणि वर बोलणी.

गच्चीवर करू नका. आणि शिकायला आखूड चाबूक घेऊ नका. आखूड चाबूक फार लवकर उलटतो, चूक कळायच्या आत टोक तोंडाशी येतं. नवशिक्याला सहा फुटाच्या आसपासचा बरा म्हणतात तो यासाठी. तो सावकाश फिरतो, काय चुकतंय ते डोळ्याला दिसतं.

६ नोव्हेंबर

चष्मा घेतला, ग्राइंडिंगला वापरतात तो, १२० रुपये. डोक्यावर हेल्मेटच्या आतली कानटोपी, अंगात जीनचा पूर्ण बाहीचा शर्ट, कानात कापूस. आरशात बघितलं तर मधमाश्यांचं मोहोळ काढायला निघाल्यासारखा दिसत होतो. दिसू दे.

१० नोव्हेंबर

आमच्या मागच्या आळीत एक अज्जा आहेत. मूळचे बैलहोंगलकडचे, बोली कन्नड, पण आमच्याशी मराठीत बोलतात. ट्रॅक्टर येण्याआधी चाळीस वर्षं बैलामागे चाललेले. त्यांच्याकडनं जुना कासरा मागून आणला, आठ फूट लांब, अंगठ्याएवढा जाड. वाटलं, लांबी आहे, वजन आहे, वाजेल.

तासभर फिरवला. फुस्स. दुसऱ्या दिवशी टोकाला सुतळीची शेपूट आणि गोंडा बांधला, तेव्हा कुठे ओल्या लाकडाची ढलपी निघावी तसा 'टप' एवढा आवाज. कासरा या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच जाडीचा. हातातनं निघालेली ताकद वाटेत वाढायला हवी, ती नुसती पुढं सरकते आणि शेवटी मरते.

१३ नोव्हेंबर

निमुळता हवा म्हणजे आपणच वळायचा. हार्डवेअरच्या दुकानातनं निळी प्लास्टिकची दोरी आणली, कपडे वाळत घालायची असते ती. ९० रुपये. चार पेडांची वेणी एका संध्याकाळी झाली. दिसायला झकास. हातात घेतली तर वजनच नाही. आणि दोरी ताठ, वळण धरायलाच तयार नाही. फेकली की मध्येच कोपरासारखी वाकून थांबते.

भाचा इंजिनियरिंगला आहे. त्याला फोन केला तर त्यानं वर्गच घेतला. २० अंश तापमानाला आवाज हवेतनं सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. चाबकाचा कडाका म्हणजे टोकानं आवाजालाही मागे टाकलं की उठणारा छोटासा धमाका. १९५८ मध्ये तिकडच्या लोकांनी भराभर फोटो काढून हे तपासलं होतं. म्हटलं, ते राहू दे, माझी दोरी का वाजत नाही ते सांग. म्हणाला, "मामा, मुठीकडं जड आणि टोकाकडं हलकं पाहिजे. तुमचं सगळंच हलकं आहे." एका वाक्याचं काम होतं.

९० रुपये पाण्यात. निळी दोरी आईनं कपडे वाळत घालायला घेतली.

१७ नोव्हेंबर

आता ४ मिलिमीटरची नायलॉनची दोरी. वर विणलेलं कवच आणि आत सुटे धागे असतात ती. मीटरला ८ रुपये, ४० मीटर घेतली, ३२० रुपये. हिचं वजन हाताला लागतं आणि वळवली तशी राहते.

चूक मोजमापात केली. दीड मीटर वेणी हवी म्हणून पेड दोन-दोन मीटरचे कापले. वेणी दोरी किती खाते याचा अंदाजच नव्हता. सव्वा मीटरला पेड संपले. रोज मायक्रोमीटर हातात धरणाऱ्या माणसानं हे करावं! जाड गाभ्यावर वळताना तयार लांबीच्या दुप्पट दोरी धरा. उरली तर कापता येते.

२० ते २२ नोव्हेंबर : खरा चाबूक

तीन सकाळी गेल्या, धरून आठ-नऊ तास. जसं केलं तसं लिहितो.

मुठीला ८ मिलिमीटरची सळी, २५ सेंटिमीटर. कारखान्यातल्या भंगारातनं विचारून घेतली, टोकं लेथवर गोल करून घेतली. टोक धारदार राहिलं तर आतनं वेणी कापत जातं. सळीवर टेप गुंडाळली, २५ रुपये.

वजनासाठी सायकलच्या दुकानातनं बारीक छर्रे, ६० रुपये. अर्धा मीटर दोरीच्या आतले धागे ओढून काढायचे, रिकाम्या कवचात एकामागून एक छर्रे भरायचे. काहीतरी गिळलेल्या सापासारखी दोरी होते. हिचं एक टोक सळीला टेपनं घट्ट बांधायचं, दुसरं टोक जाळून बंद करायचं. मी दुसरं टोक जाळलंच नाही, नंतर करू म्हणून बाजूला ठेवलं. उचलायला गेलो तर सगळे छर्रे मोहरी सांडावी तसे फरशीभर. अर्धा तास कपाटाखाली बॅटरी घेऊन. सात-आठ अजून सापडायचे आहेत, आईला ते रोज झाडताना एकेक सापडतात.

त्या गाभ्यावर आधी चार पेडांची आतली वेणी, सत्तर सेंटिमीटर. तिच्यावर आठ पेडांची बाहेरची वेणी. आधी चारच पेड वर घेऊन बघितले होते, पण फटीतनं आतलं सगळं दिसतं, म्हणून उसवून आठ घेतले. आठपेडी वेणी बघायला अवघड, करायला नाही. डावीकडे चार, उजवीकडे चार. कडेचा पेड मागनं फिरवून समोर आणायचा, दोनाखालनं आणि दोनावरनं घेऊन आपल्या बाजूला परत. मग दुसऱ्या बाजूचा. मी मोठ्यानं "खाली दोन, वर दोन" म्हणत बसलो होतो. बायको स्वयंपाकघरातनं म्हणाली, भाकरीपण तशीच मोजून थापू काय.

खाली येता येता आठाचे सहा, सहाचे चार. सोडलेला पेड बाहेर कापायचा नाही, आतल्या बाजूला घालून त्याच्यावर वळत जायचं, म्हणजे जाडी एकदम पडत नाही. शेवटी वेणी पोळपाटाखाली घालून दाबून लाटली, गाठी बसतात. पोळपाट पुसून जागेवर ठेवला. हे आईनं वाचू नये.

मुठीपासून वेणीच्या टोकापर्यंत १ मीटर ५५, पुढे शेपूट ६०, गोंडा २०.

२४ नोव्हेंबर

भातकापणी झालेलं चुलत्यांचं शेत रिकामं होतं. पायाखाली धसकटं, कडेला गवताची गंजी, माणूस नाही. इथंच पाहिजे होतं.

पहिला शिकायचा प्रकार सर्कस क्रॅक. चाबूक समोर जमिनीवर सरळ पसरायचा. हात न वाकवता सरळ वर उचलायचा, चाबूक आपोआप डोक्यावरनं मागे जातो. तो मागे सरळ व्हायच्या किंचित आधी हात पुढं आणून डोळ्यांच्या उंचीला थांबवायचा. वळी पुढं गडगडत जाते आणि टोकाला फुटते. वाचायला एवढंच.

पहिले चाळीसेक फटके फुस्स. तीन पाठीवर. जीनचा शर्ट होता म्हणून वळ उठून भागलं. मग लक्षात आलं की माझा हात डोक्यावरनं तिरका जातोय, म्हणून येताना चाबूक अंगावरनं येतो. शेतात गाडीवाट आहे, दोन चाकोऱ्या पडलेल्या. एका चाकोरीत मी उभा राहिलो आणि चाबूक दुसऱ्या चाकोरीत पसरला. नियम एकच, चाबकानं त्याची चाकोरी सोडायची नाही. वर जाताना तीच, खाली येताना तीच. त्यानंतर एकदाही पाठीवर बसला नाही. या सगळ्या उद्योगात मला स्वतःला सुचलेली ही एकच कामाची गोष्ट.

आणि मग सत्तरी-बहात्तरीच्या फटक्याला वाजला. कडाड्! गंजीमागचे बगळे उठले. मी चाबूक टाकून दोन पावलं मागं सरलो, कुणी बंदूक मारली की काय असं क्षणभर वाटलं. बांधावरनं एक सायकलवाला ओरडला, "काय करूलास गा?"

काय करतोय ते मलाही सांगता येईना. पुढच्या तासात एकदाही परत वाजला नाही.

२५ नोव्हेंबर

खांदा उचलत नाही. शिफ्टला लेथच्या टेलस्टॉकचं चाक डाव्या हातानं फिरवलं.

२८ नोव्हेंबर

शेत गेलं. भातानंतरच्या ओलीवर मसूर टाकतात आमच्याकडं, जमीन सुकायच्या आत. चुलते म्हणाले, "चाबूक वाजवून मसूर उगवतो काय? मग वाजव." चार दिवसांची जागा होती, त्यातले दोन खांद्यानं खाल्ले. नोव्हेंबरात शिकणार असाल तर कुणाच्या शिवारावर भिस्त ठेवू नका.

१ डिसेंबर

राजहंसगडाच्या पायथ्याच्या माळावर गेलो. जागा भरपूर, पण वारा. समोरनं वारा असला की हलकी शेपूट मागे फेकली जाते, गोंडा हातभर अलीकडेच थांबतो. वाऱ्याकडे पाठ केली तर दोनदा वाजला, पण तो माझा की वाऱ्याचा कळेना. सकाळी सातच्या आत वारा नसतो, तेव्हाच या. थंडीत उठवत नाही ते वेगळं.

५ डिसेंबर : गोंडा

गोंडा खर्चायची वस्तू आहे हे माहीत नव्हतं. एकच करून महिनाभर चालवणार होतो. वेणीच्या टोकापर्यंत काही झिजत नाही, गोंडा मात्र दर दोन दिवसांनी दाढीच्या जुन्या ब्रशासारखा होतो.

चार प्रकार करून बघितले. सुतळीचा पंधरा फटक्यांत विस्कटला. शिलाईच्या सुती दोऱ्याचा आवाज छान, पण तोही तिशीच्या आत तुटला. मासेमारीची तंगूस लावून बघ असं एकानं सुचवलं. लावू नका. ती पिंजत नाही, आणि अंगावर आली तर ब्लेडसारखी कापते. मनगटावर खूण आहे. शेवटी निपाणीच्या दाजींनी वखारीत पोती शिवायचा पॉलिस्टर दोरा असतो तो सांगितला. त्याची रीळ १४० रुपयांना आणली. याचा एक गोंडा दोनशेच्या वर फटके खातो. आमच्या वडगावात मागावर विणणाऱ्यांकडंही असाच दोरा गुंडीच्या शेवटाला उरतो, ओळख असेल तर फुकट मिळेल.

करायची रीत : हातभर दोऱ्याचे आठ पदर घ्या. एक टोक खिळ्याला अडकवून दुसरं टोक बोटांनी पीळ द्या, दोरा कुरकुरेपर्यंत. मग मध्यावर बोट ठेवून दुमडा, दोन्ही बाजू आपल्याआप एकमेकींना वेढा घालतात. खाली बोटभर मोकळं ठेवून गाठ मारा आणि ते मोकळं टोक पिंजून काढा. पिंजलेला भाग आखूडच हवा. मी पहिल्यांदा चार बोटं ठेवला होता, तो नुसता झाडूसारखा फिरायचा.

आजवरचा हिशेब : १०८५ रुपये, केबल धरून.

९ डिसेंबर

आज सुवर्णसौधात विधिमंडळाचं अधिवेशन सुरू झालं. हायवेला पोलीस, मोर्चे, हिरव्या शाली. मी खांद्यावर चाबूक टाकून चाललो होतो तर अज्जा कट्ट्यावरनं म्हणाले, "बारुकोलु घेऊन निघालास? रयत संघात गेलास काय?" बारुकोलु म्हणजे चाबूक. रयत संघाचे शेतकरी मोर्चाला तो घेऊन येतात, त्यावरनं.

म्हटलं, अज्जा, पंधरा दिवस झाले, दहात एक वाजतो. तोही का वाजला कळत नाही.

पाण्याच्या टाकीमागच्या मोकळ्या जागेत ते आले. आधी माझे चार फटके बघितले. मग चाबूक हातात घेतला, दोनदा उचलून वजन बघितलं. चप्पल काढली. हात वर गेला आणि चाबूक मागं गेल्यावर अज्जा थांबले. मला वाटलं विसरले. जाणवण्याइतका थांबा होता तो. मग हात नुसता खाली सोडला, बादली विहिरीत सोडावी तसा. कडाड्. कोपर हललं नाही, खांदा हलला नाही, धोतराचा सोगासुद्धा जागचा हलला नाही.

"निधान," म्हणाले. "निधान माड, सावकाश कर. बैल उठूस्तोवर थांबायचं असतं. तू उठायच्या आधीच हाणतोस."

पंधरा दिवस मी मागं गेलेला चाबूक अर्ध्यातनं ओढून आणत होतो आणि ती कसर जोरानं भरून काढत होतो. खांदा त्यानंच गेला. आता हात वर गेला की मनात "उठ रे" म्हणायचं आणि मग सोडायचा. त्या सकाळी दहात चार. दुसऱ्या दिवशी दहात सहा. आणि खांदा दुखायचा थांबला.

अजून एक खोड अज्जांनी मोडली. आवाज यावा म्हणून मी शेवटी हात मागं झटकत होतो. त्यानं वाजतो, खोटं नाही, पण टोक सरळ आपल्या तोंडाकडं परत येतं. हात पुढं थांबला की थांबलाच पाहिजे. पतंगाला ढील दिल्यासारखं चाबकाला पुढं जाऊ द्यायचं.

१५ डिसेंबर, पुनव

गाड्या भरून माणसं सौंदत्तीला चालली. घरातली मंडळी पण गेली. दिवसभर सराव. दहात सातवर अडकलोय आणि आवाज एकसारखा येत नाही. कधी कडाड्, कधी नुसतं पिचकं.

१७ डिसेंबर, मंगळवार

गल्लीत कडकलक्ष्मी आली. बाईच्या डोक्यावर देव्हारा, कमरेला ढोलकं. बाप्याच्या कपाळाला मळवट, कमरेला चिंध्यांचा घेर, पायात चाळ आणि हातात कोरडा, म्हणजे त्यांचा चाबूक. एरवी सूप भरून जोंधळे घालून मोकळे होतो. आज मी कोरड्याकडेच बघत उभा.

मुठीला मनगटाएवढा जाड, तेलानं काळा पडलेला, आणि खाली येता येता उंदराच्या शेपटाएवढा. मधे कुठंही पायरी नाही. लोकांना वाटतं आवाज पाठीवर निघतो. जवळनं बघितलं तर कडाका अंगाच्या अलीकडंच होतो, हवेत, आणि नुसतं उरलेलं टोक पाठीला जाऊन टेकतं. प्रत्येक वेळी असंच होतं असं नाही, वळ खरेच होते.

त्यांचं झाल्यावर पाणी दिलं, पन्नास रुपये दिले आणि घाबरत घाबरत माझा चाबूक पुढं केला. वाटलं चिडतील, त्यांचं हे देवाचं आणि माझा खेळ. कोरडेवाले मामा हसले. मूठ डाव्या हातात, शेपूट उजव्या हातात धरली आणि दोन्ही हात जवळ आणले. चाबकाची कमान झाली. गोल, गोल, गोल, आणि वेणी संपून शेपूट सुरू होते तिथं खाडकन् कोन.

"ह्याला पोट हाय," म्हणाले, "मान न्हाई."

झालं. एवढं बोलून पुढच्या दाराला गेले. माझ्या वेणीचं टोक करंगळीएवढं आणि शेपूट काडीएवढी, एकदम. वळी गडगडत तिथवर येत होती आणि बिजागरीला अडकावी तशी मुडपत होती. सरळ बसली तर कडाड्, मुडपली तर पिचकं.

१९ ते २१ डिसेंबर : मान बसवली

वेणीचा खालचा एक फूट उसवला. त्या भागातल्या चारही पेडांच्या आतले धागे ओढून काढले, नुसतं कवच ठेवलं, म्हणजे दोरी चपटी आणि बारीक झाली. परत आवळून वळली. शेपूट सुरुवातीला वीतभर दुहेरी घेतली आणि मग एकेरी. कमान करून बघितली, कोन गेला. पूर्ण गेला नाही, पण हाताला लागत नाही एवढा.

खर्च शून्य, वेळ पाच तास. चाबूक वळला की वाजवायच्या आधी ही कमानीची परीक्षा करा. मी महिनाभर हाताला दोष देत होतो, त्यातला अर्धा दोरीचा होता.

२२ डिसेंबर

दहात नऊ. दोन वेळा मोजलं.

२९ डिसेंबर

दुसरा प्रकार घेतला, डोक्यावरचा. चाबूक डोक्यावर आडवा गोल फिरवायचा आणि एका क्षणी हाताची दिशा उलटी करायची. सोपा जाईल वाटलं होतं, कारण लहानपणी जोंधळ्यात पाखरं राखायला गोफण फिरवलेली. तीच नडली. गोफणीत शेवटी एक दोर सोडायचा असतो, माझी बोटं आपोआप उघडली आणि चाबूक मुठीसकट वीस फूट लांब बाभळीत. काढताना काटे.

मुठीला मनगटात अडकवायला फासा करावा असा विचार आला होता, केला नाही. चाबूक कुठं अडकला तर हातातनं सुटलेलाच बरा.

यात टोक डोक्याभोवती असतं, कानटोपी काढायची नाही. मी एकदा काढली. तोच कान.

५ जानेवारी २०२५

शाळूच्या धाटाचा नेम. सुतळीनं दोन काठ्यांच्या मधे धाट आडवं टांगायचं, गोंडा त्याच्या जवळ फुटेल अशा अंतरावर उभं राहायचं. अंतर मोजताना चाबूक पसरून धाटाला टेकवला आणि तिथंच उभा राहिलो, तर प्रत्येक वेळी जास्तीचा जायचा, कारण हातही पुढं जातो. अर्धं पाऊल मागं यायचं. सहाव्या फटक्याला धाट मधनं कापलं, सुरीनं कापावं तसं. कापलेला तुकडा खिशात घालून शिफ्टला गेलो. फोरमननं विचारलं, दातात घालायला आणलास काय.

पोरं जमली होती बघायला. एक जण म्हणाला, मी तोंडात धरतो धाट. त्याला तिथनं हाकललं आणि त्या दिवसापुरतं बंद केलं. बघणारा आला की चाबकाच्या लांबीच्या दुप्पट अंतरावर उभा करायचा आणि मागे कधीही नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

सकाळी अज्जांना तिळगूळ द्यायला गेलो. चाबूक घेऊनच. त्यांच्यापुढं दहा मारले, आठ वाजले. म्हणाले, "आता डावा." डाव्या हातानं पहिला मारला तो परत पायात गुंडाळला, पाडव्याच्या दिवशीसारखा. अज्जांचा नातू हसायला लागला, तर त्याला म्हणाले, तू मारून दाखव.

१९ जानेवारी

पुढं एक, मागं एक असा जोडफटका चालू केलाय. पुढचा वाजतो, मागचा दहात तीन. मागच्याला चाकोरी सुटते, मान वळवून बघायला जातो म्हणून. डावा हात अजून फुस्स. वखारीतल्या दोऱ्याचे दोन गोंडे उरलेत आणि शेपूट गाठीपाशी पिंजायला लागलीय, ती या रविवारी बदलायची.